दुप्पट करून वाचायचा आकडा

उज्जैन, १२ ऑक्टोबर २०२५

ब्लॉकवाल्या मुक्ताताई,

काकांना ब्लॉक केलंस ते समजलं. मला कशाला यार? मी फक्त एक पत्रिका बनवून ग्रुपवर टाकली. खाली लिहिलं होतं, 'माझ्या बाबांच्या लग्नाला नक्की यायचं हं! चि. मुक्ता, वय २९.' चांगली तर होती. इंदूरच्या मामींनी हॉल कुठला म्हणून विचारलं पण.

तर आता पोस्टाने. काउंटरवर विचारलं, आत काय आहे? मी म्हटलं, भांडण. वजन करून घेतलं त्यांनी.

बातमी ऐक. तुझ्या बाबांचं, म्हणजे आमच्या वसंतकाकांचं, पक्कं झालं. अपर्णाबाई म्हणून आहेत, नानाखेड्याला राहतात, शाळेतून रिटायर. मिस्टर, दत्तात्रयराव, वारले. समाजाच्या पुनर्विवाह मेळाव्यात भेट झाली. पहिल्याच भेटीत बाईंनी सांगितलं, "पत्रिका नको. एकदा जुळवून पाहिली. आता रिपोर्ट जुळवू. मी चार वर्षं एका माणसाचं आजारपण काढलंय, पुन्हा काढणार नाही." काका म्हणाले, मंजूर.

मग दोघांनी लॅबमध्ये जाऊन फुल बॉडीवालं पॅकेज केलं आणि फ्रीगंजच्या टॉवरजवळ पोह्यांच्या प्लेटा मध्ये ठेवून फायली बदलल्या. मी साक्षीदार. बाई एकेक ओळ बोटाने वाचत होत्या, शाळेत आपले पेपर तपासायचे तशा. साखर ठीक, किडनी ठीक. एका ओळीवर बोट थांबलं. पीएसए, ३.८. बाजूला छापलेलं होतं, चारच्या आत नॉर्मल.

"गेल्या वर्षी किती होता?"

काकांनी मोबाइलमध्ये शोधलं. "एक पॉइंट सात."

"कुठली गोळी चालू आहे?"

काका असे ताठ बसले की बाकडं हललं. "एकही नाही. सर्दीची पण नाही."

बाईंनी फाइल मिटली. मग म्हणाल्या, "चारच्या आत आहे," आणि काकांच्या प्लेटमध्ये स्वतःची सेव टाकली. झालं. जमलं.

आता आतली गोष्ट. गोळी एक आहे! केसांची! दोन वर्षं झाली, रोज रात्री बाथरूमचं दार लावून घेतात. मी स्ट्रिप पकडली तर माझ्याकडून महाकालाची शपथ घेतली. दोन वर्षांत कपाळावर जेमतेम दूर्वा उगवल्यात, गणपतीला पण पुरायच्या नाहीत.

बाकी ठीक. काका रात्री चार-चारदा उठतात. बहुतेक भावी संसाराचं टेन्शन.

तुझा (अजून ब्लॉक),
आल्हाद

नागपूर, १९ ऑक्टोबर

आल्हाद,

पाकिटावर 'भांडण, सांभाळून हाताळा' लिहिलंस, आमच्या रिसेप्शनवर सगळ्यांनी वाचलं. थँक यू.

दोन वर्षं म्हणालास ना? नीट आठवून लिही. आई जाऊन सव्वा वर्ष झालं. म्हणजे ती अंथरुणावर होती, मी रजा काढून तिला भरवत होते, तेव्हा बाबा आरशासमोर केस उगवत होते. हे मला नव्हतं माहीत. लग्नाचं कळलं तेव्हा वाटलं होतं, एकटे पडले असतील, घाई केली. आता कळलं, तयारी आधीपासूनच होती.

साखरपुडा कधी आहे? तू चार शब्द बोलायला उभा राहशीलच, तुला कोणी थांबवू शकत नाही. तेव्हा ही गोळीची गोष्ट सांग. सगळ्यांसमोर. 'एकही गोळी नाही' म्हणून लग्न जमवणाऱ्या माणसाची जरा शोभा होऊ दे.

मुक्ता

उज्जैन, २८ ऑक्टोबर

ताई,

दोन वर्षं पक्की. माझी सेकंड इयरची केटी पहिल्यांदा लागली त्याच महिन्यात स्ट्रिप पकडली होती. त्यानंतर ती केटी अजून सुटली नाही, म्हणून हिशोब सोपा.

पण यार, साखरपुड्यात नको. शपथेचं सोड, महाकाल मला ओळखतो. पण काका खूश आहेत गं. दिवाळीत स्वतः आकाशकंदील लावायला स्टुलावर चढले. उतरताना कमरेला हात लावून तसेच उभे राहिले. मी म्हटलं, "नवरदेव, फोटो काढतोय का कोणी?" हसले नाहीत. तोंड पांढरं पडलं होतं. मग म्हणाले, लचक भरली.

आता ती लचक गेलीच नाही. खुर्चीतून उठताना आधी उजव्या खुब्यावर हात जातो. आणि बाहेर निघालो की वाटेत दोनदा रिक्षा थांबवतात, कुठे भिंत दिसते ते बघत. घरी बाथरूममध्ये गेले की बाहेर मी उभा असतो, मोबाइल बघतोय दाखवून. किती वेळ लागतो माहीत आहे? आत नुसतं थेंब थेंब. मी बाहेरून ओरडलो, "काका, नगरपालिकेचं पाणी आहे का?" तर आतून आवाजच आला नाही. इतर वेळी शिव्या देतात.

वय झालं, असं बाबा म्हणतात. असेल.

साखरपुडा २३ नोव्हेंबरला. तू ये ना.

आल्हाद

नागपूर, ५ नोव्हेंबर

आल्हाद,

कमरेचं मला सांगू नकोस. लक्ष वेधून घ्यायला आईच्या वेळी पण त्यांची कंबरच दुखायची.

तू ती गोष्ट सांग. सांगितलीस तर नाताळच्या सुट्टीत मी उज्जैनला येईन. शब्द.

मुक्ता

उज्जैन, २४ नोव्हेंबर

ताई,

सांगितली.

तू येणार म्हणून सांगितली, आधीच लिहून ठेवतो.

हॉल भरलेला. अंगठ्या घालून झाल्या, श्रीखंड-पुरी वाढायच्या आधी मी माइक घेतला. सुरुवातीला काकांची स्कूटर, बँकेतल्या गमती, लोक पोट धरून हसत होते. काका पण. मग मी म्हटलं, "आणि आता काकांच्या दाट केसांचं रहस्य! दोन वर्षं रोज एक गोळी, बाथरूमचं दार लावून! अपर्णाबाई, तुमच्यासाठी माणूस केसाकेसाने तयार होत होता!"

हॉल कोसळला. माझे बाबा टेबलावर हात आपटत होते. काका लाल झाले, पण तेही हसत होते, मान हलवत, मला बोट दाखवत.

बाई हसत नव्हत्या.

त्यांनी हातातली फुलांची परडी खाली ठेवली आणि काकांना विचारलं, "कुठली गोळी?" माइक माझ्या हातात चालूच होता, सगळ्या हॉलला ऐकू गेलं. काका म्हणाले, "अहो केसांची, साधी." बाईंनी नाव विचारलं. काकांनी सांगितलं. बाई म्हणाल्या, "मी पोह्यांच्या दुकानात विचारलं होतं ना तुम्हाला? कुठली गोळी चालू आहे म्हणून?"

मागे कोणीतरी अजून हसत होतं. मग तेही थांबलं.

बाई उभ्या राहिल्या. शाळेत फळ्यासमोर उभं राहतात तशा. म्हणाल्या, "ही गोळी घेणाऱ्याचा पीएसए अर्धा दिसतो. दत्तात्रयला हीच होती, दुसऱ्या कारणासाठी. डॉक्टर प्रत्येक वेळी आकडा दुप्पट करून वाचायचे. तुमचा तीन पॉइंट आठ नाही. साडेसातच्या वर आहे."

ताई, मला त्यातलं काहीच कळलं नाही. दुप्पट मला येतं, बाकी नाही. पण काकांचा हात आपोआप खुब्यावर गेला आणि बाईंनी तो हात बघितला. त्यांनी तिथे बघितलं ना, त्यानंतर मी माइक बंद केला.

श्रीखंड कोणी खाल्लं नाही. उद्या बाई काकांना इंदूरला दाखवायला नेतायत. मी पण जातोय. काका माझ्याशी बोलत नाहीत, पण पिशवी मलाच दिली.

आल्हाद

नागपूर, ३० नोव्हेंबर

आल्हाद,

पत्र वाचून मी बाबांना फोन लावला. उचलला नाही. तुला पण लावला असता, पण फोनवर तू मला हसवतोस आणि मी खरं काय ते विचारायची विसरते. तू लिही.

माझ्या मैत्रिणीचा भाऊ युरॉलॉजीत आहे, त्याला सगळं विचारलं. प्रोस्टेट म्हणजे पुरुषांना लघवीच्या पिशवीखाली अक्रोडाएवढी ग्रंथी असते. पीएसए तिच्यातून रक्तात उतरतो. वयानं ग्रंथी वाढली तरी आकडा चढतो, सूज आली तरी चढतो, आणि कॅन्सर असला तरी. म्हणून नुसत्या आकड्यावरून काही ठरत नाही. पण केसांची गोळी सुरू असताना तो खाली जायला हवा आणि खालीच राहायला हवा. आपला खालून वर आला. एक पॉइंट सातवरून तीन पॉइंट आठ. तो म्हणाला, 'चारच्या आत' हे वाक्य अशा माणसाला लागूच नाही. आणि रक्त घेताना गोळ्या विचारल्या होत्या का, म्हणाला. मी थँक यू म्हणून फोन ठेवला.

मी तुला त्यांची शोभा करायला सांगितलं होतं. ते कोणाला सांगू नकोस. नाही, सांगितलंस तरी चालेल.

इंदूरला काय झालं? मी येऊ का?

मुक्ता

उज्जैन, २० डिसेंबर

ताई,

येऊ नको. मी काकांना विचारलं, तर म्हणाले, "ती आली तर मी इंदूरच्या बसमध्ये पाय ठेवणार नाही." त्यांना कळलंय, माइकमागे तू होतीस. मी नाही सांगितलं. म्हणाले, "हा गाढव स्वतःहून शपथ मोडणारा नाही."

सगळं क्रमाने लिहितो. डॉक्टरांनी पुन्हा रक्त घेतलं. ५.२. ते स्वतःच तोंडातल्या तोंडात म्हणाले, "म्हणजे दहाच्या आसपास." मग हातमोजा घालून तपासलं. काका बाहेर आले ते माझ्याकडे न बघता. डॉक्टर म्हणाले, एका बाजूला दगडासारखं कडक लागतंय. मग एमआरआय, मग बायोप्सी. बारा सुया टोचून बारा तुकडे काढतात. काका म्हणाले, "बँकेचं ऑडिट पण एवढे नमुने घेत नाही." मला बरं वाटलं, बोलले म्हणून.

परवा रिपोर्ट आला. त्यात लिहिलेलं, चार अधिक चार, आठ. दहापैकी. काकांनी ते वाचलं आणि चेहरा उजळला. "दहापैकी आठ! आल्हाद, डिस्टिंक्शन रे! आपल्या खानदानात कोणाला मिळालं नाही!" मी पण टाळी दिली. तेवढ्यात बाईंनी कागद हळूच काढून घेतला. आम्ही दोघं टाळीचा हात तसाच वर धरून बसलेलो.

डॉक्टरांनी समजावलं. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी कशा दिसतात त्याला तीन ते पाच नंबर देतात. जो प्रकार जास्त आहे त्याचा एक नंबर, त्याच्या खालोखालचा दुसरा, आणि दोघांची बेरीज. सहा आली तर संथ, बऱ्याचदा नुसतं लक्ष ठेवतात. आठ म्हणजे घाईवाला. इथे कमी मार्क मिळाले तो पास. मी तर जन्मभर याच हिशोबाने शिकलो असतो ना यार.

अजून एक लिहायचंय. कसं लिहू कळत नाही, सरळ लिहितो. परतीच्या बसमध्ये काका खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "त्या गोळ्या प्रतिभानं आणल्या होत्या." प्रतिभाकाकूनं, ताई. तुझ्या आईनं. केमोने तिचे सगळे केस गेले तेव्हा ती काकांना म्हणाली होती, "घरात एकाच्या तरी डोक्यावर केस हवेत, तुम्ही सुरू करा." पहिली स्ट्रिप तिनेच मागवली. ती गेल्यावर काकांनी बंद केल्या नाहीत. बाईंना नाही म्हणाले ते एवढ्याचसाठी. तिची गोष्ट पोह्यांच्या दुकानात कुठे सांगणार, म्हणाले.

बाई पुढच्या सीटवर होत्या. त्यांनी ऐकलं असणार. मागे वळल्या नाहीत.

जानेवारीत पेट स्कॅन आहे.

आल्हाद

नागपूर, २७ डिसेंबर

आल्हाद,

तुझं पत्र ऑफिसच्या जिन्यात वाचलं. मग परत वर गेले नाही.

आईनं मला का नाही सांगितलं? तिला वाटलं असेल, मी हसेन. मी हसले असते. ती पण हसली असती, डोक्याला रुमाल बांधून. आता मला ते दोघं दिसतात, आणि मी तिसऱ्याच खोलीत बसून बाबांवर राग धरलेली.

मैत्रिणीच्या भावाला पुन्हा विचारलं. तो म्हणाला, आठ हा स्टेज नाही, गोंधळ करू नका. आठ म्हणजे ते किती तापट आहे. स्टेज म्हणजे ते कुठवर पोचलंय. ग्रंथीच्या आतच असेल तर एक किंवा दोन, तिथे ऑपरेशन किंवा रेडिएशनने मुळासकट काढायचा प्रयत्न करतात. भिंत फोडून बाहेर आलं असेल तर तीन. लांब गेलं असेल, हाडात वगैरे, तर चार. ते स्कॅनवर कळतं. मी त्याला खुब्याचं सांगितलं. तो पटकन म्हणाला, "वयाचं पण असू शकतं." फार पटकन म्हणाला.

मी बाबांना पत्र लिहिलंय, वेगळं. उशीखाली ठेव. वाचो न वाचो.

स्कॅन झाला की मला स्टेज लिही. आकडा लिही, बाकी काही नको. दोन असू दे. मी इथे रोज दोन म्हणते.

मुक्ता

उज्जैन, ११ जानेवारी २०२६

ताई,

तुझं पत्र काकांनी वाचलं. वाचून घडी केली, शर्टाच्या खिशात ठेवली. नंतर तोच शर्ट तीन दिवस घातला. मी इस्त्रीला मागितला तर म्हणाले, असू दे.

स्कॅन झाला. त्या खोलीत आपल्याला येऊ देत नाहीत, मी आणि बाई बाहेर बसलो. मी बाईंना हसवायला एक किस्सा सांगितला, शाळेत मास्तरांच्या खुर्चीवर खाजखुजली टाकली होती तो. त्या म्हणाल्या, "पूर्ण सांग." पूर्ण सांगितला. हसल्या नाहीत, पण ऐकला. मग म्हणाल्या, "दत्तात्रयच्या वेळी इथे कोणी बोलायचं नाही."

रिपोर्ट त्यांनीच आधी उघडला, डॉक्टरांच्या आधी. मधलं सगळं सोडून थेट शेवटच्या पानावर गेल्या. त्यांना माहीत आहे कुठे बघायचं. वाचून झाल्यावर चष्मा काढला आणि पदराने पुसत राहिल्या, पुसत राहिल्या.

डॉक्टरांनी काकांना चित्र दाखवलं. काळ्या-करड्या माणसाच्या आत दोन ठिकाणी दिवे लागल्यासारखं. काका ते चित्र फार लक्ष देऊन बघत होते. मग म्हणाले, "अहो डॉक्टर, पण चारच्या आत होता ना! छापलेलं होतं." डॉक्टरांनी दोनदा समजावलं. काका दोन्ही वेळा हो म्हणाले, आणि तिसऱ्यांदा तेच विचारलं.

संध्याकाळी बाई घरी आल्या. अंगठी डबीत घालून आणली होती. मी उठून जाणार होतो, काका म्हणाले, बस. बाई म्हणाल्या, "मला हा रस्ता पाठ आहे. इंजेक्शन कधी, कोणत्या महिन्यात थकवा, कधी हाडं दुखतील, सगळं. पुन्हा नाही जाता येणार मला."

काका म्हणाले, "बरोबर आहे. मी तुम्हाला खोटं सांगितलं होतं."

"त्यासाठी नाही. त्या गोळ्यांचं मी बसमध्ये ऐकलं. खोटं बोललात म्हणून जात नाहीये. माझ्यात उरलेलं नाही, म्हणून जातेय."

काका त्यांना खालपर्यंत सोडायला गेले. दोघं एकेक पायरीला थांबत उतरत होते. दुखत होतं काकांना, पण थांबत होत्या त्या. खाली रिक्षा उभी होती तरी बराच वेळ सुरू झाल्याचा आवाज आला नाही. मग आला.

त्यानंतर काका वर आले आणि माझ्याजवळ बसले. ताई, घरात असे दोन महिन्यांनी बसले. म्हणाले, "तुला खोटं छान जमतं. एक काम कर. मुक्ताला लिही, स्टेज दोन. ऑपरेशनने निघून जाईल, काही विशेष नाही, तू तुझी नोकरी कर. तुझ्या स्टाइलमध्ये लिही, हसेल अशी." मी म्हटलं, पक्का. माझ्या डोक्यावर टपली मारली आणि झोपायला गेले. आत्ता आतून कण्हण्याचा आवाज येतोय. कुशीवर वळले की येतो.

मी बसलो लिहायला. जोक पण सुचला होता, चांगला होता. लिहिला, फाडला. दुसरा लिहिला.

डॉक्टर म्हणाले, मुळासकट काढायचं आता राहिलं नाही, पण आवरून धरता येतं. दर तीन महिन्यांनी इंजेक्शन, रोज गोळ्या. कित्येक जण त्याच्यावर वर्षं काढतात, काम करतात, प्रवास करतात. हे खरं आहे, मी पुन्हा विचारून घेतलं. पहिलं इंजेक्शन १९ तारखेला, सोमवारी आहे. कोणीतरी बरोबर पाहिजे, आणि मला माझ्या जागी दुसरं कोणीतरी हवंय, कारण डॉक्टर बोलतात तेव्हा मी फक्त काकांकडे बघतो आणि अर्धं ऐकायचं राहून जातं.

तू आकडा मागितलास. काकांनी दोन लिहायला सांगितलंय.

चार आहे, ताई. ये.

आल्हाद